वेशीबाहेरचे हसू : मराठी विनोदी नाट्यप्रयोगांचा परदेशप्रवास

१

मराठी रंगभूमीचा इतिहास हा बऱ्याच अंशी प्रवासाचा इतिहास आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले आणि दहाच वर्षांनी, १८५३ मध्ये, त्यांची मंडळी मुंबईत प्रयोग करीत होती. मुंबईच्या बहुभाषक प्रेक्षकांसाठी त्यांनी तेथे 'गोपीचंद' हे हिंदी नाटकही केले. म्हणजे मुक्काम बदलताच भाषाही बदलण्याची गरज या रंगभूमीला तिच्या बाल्यावस्थेतच जाणवली होती. पुढे बैलगाडी गेली, आगगाडी आली, नंतर विमान आले. सांगली-मुंबई हा टप्पा बर्लिन, लंडन, दुबई असा लांबत गेला. या प्रवासांची नोंद नाट्येतिहासाने उत्पन्न, नटसंच, राजाश्रय आणि गौरव या अंगांनी ठेवलेली दिसते. प्रवासात विनोदाचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला आहे. तो महत्त्वाचा आहे, कारण नाट्यप्रयोगाच्या सर्व घटकांत विनोद हा सर्वांत स्थानबद्ध घटक आहे. शोकाला अनोळखी मनुष्यही सहभागी होऊ शकतो. हसण्यासाठी मात्र काहीतरी आधीपासून ठाऊक असावे लागते.

आंरी बर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात एक किस्सा सांगितला आहे. प्रवचन ऐकून सारी सभा रडत असताना एक मनुष्य कोरडाच बसला होता. कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले की आपण या परगण्यातले नाही. रडण्याविषयी त्या माणसाने जे म्हटले ते हसण्याला अधिक लागू पडते, असा बर्गसाँचा अभिप्राय आहे. हास्य हे नेहमी एका समूहाचे हास्य असते आणि त्या समूहाला शीव असते. याच विवेचनात त्याने आणखी एक भेद केला आहे. भाषा ज्याला केवळ व्यक्त करते तो विनोद वेगळा आणि भाषा ज्याला निर्माण करते तो विनोद वेगळा. पहिल्याचे भाषांतर थोडीफार झीज सोसून होऊ शकते, दुसऱ्याचे होत नाही.

भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेले हास्याचे विभाव याच दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, लौल्य, व्यंगदर्शन हे विभाव मुख्यतः दृश्य किंवा वर्तनगत आहेत. असत्प्रलाप हा उघडपणे वाणीचा आहे. परभाषेच्या मुलखात निघालेल्या नटाच्या गाठोड्यात दृश्य विभाव सहज मावतात. असत्प्रलाप मात्र वेशीपाशीच राहतो, किंवा न्यायचाच झाल्यास तो समजणारे श्रोते पलीकडे आधीच जाऊन बसलेले असावे लागतात. मराठी विनोदी प्रयोगांचा परदेशप्रवास या दोन शक्यतांमध्ये विभागलेला आहे आणि या दोहोंची किंमत वेगवेगळी मोजावी लागलेली आहे.

२

शीव ही कल्पना केवळ देशांच्या सरहद्दीपुरती समजली तर तिचा अर्थ हाती लागत नाही. पालघर जिल्ह्यातील चिंचणी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. खाडीपलीकडे तारापूर, जवळच बोईसर. वाडवळांची वाडवळी, मांगेल्यांची मांगेली, डोंगराकडच्या वारल्यांची वारली बोली, पारशी आणि अन्य घरांतील गुजराती, शाळेतील प्रमाण मराठी असा भाषांचा शेजार या पट्ट्यात पूर्वापार आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा त्यात देशभरच्या भाषांची भर पडली. परकीयाचा येथील वावर तर फारच जुना आहे. चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात, राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या वतीने संजानचा कारभार मधुमती या नावाने उल्लेखिलेला ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत असल्याची नोंद आहे. अशा ठिकाणी परका कोण आणि आपला कोण हे अंतरावरून ठरत नाही. मांगेलीतील एखाद्या शब्दावर कोळीवाड्यात उसळणारे हसू काही कोसांवरच्या श्रोत्याला टिपेवाचून कळत नाही. पुण्याच्या वाचकाला तर त्याचा रीतसर अनुवादच करून द्यावा लागेल. विनोदाचा परदेश कधी कधी खाडीच्या पलीकडच्या काठावरच सुरू होतो.

याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा होतो. देव, दानव, प्राणी यांचे मुखवटे धारण केलेली सोंगे संबळाच्या तालावर उजेडात नाचत येतात. सोंग घेण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे चालत आलेला असतो. पाहणाऱ्याला मुखवटा दिसतोच, शिवाय त्यामागचा माणूस कोणाच्या घरचा हेही ठाऊक असते. बाख्तीनने मध्ययुगीन युरोपच्या उत्सवी हास्याविषयी लिहिताना नट आणि प्रेक्षक यांच्यामधली रेषा तेथे नसते, असे म्हटले आहे. बोहाड्याला ते वर्णन पुष्कळसे लागू पडते. येथे 'प्रयोग' आणि 'गाव' अशी दोन अस्तित्वे नसतात. गावच स्वतःचे सोंग आणते.

हीच स्थिती, थोड्या निराळ्या व्यवस्थेत, तमाशातील सोंगाड्याची आणि दशावतारातील संकासुराची आहे. सोंगाड्याला समोर बसलेल्या पाटलाची टवाळी करण्याची मुभा असते, आणि ती मुभा पाटील समोर बसलेला असतो म्हणूनच अर्थपूर्ण असते. १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिताना जोतीराव फुले यांनी विदूषकाला थेट सामाजिक भाष्यकार केले, ते याच परंपरेचे जाणीवपूर्वक केलेले उपयोजन होय. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या राजकीय घडामोडींवर प्रयोगागणिक नवे शेरे मारीत, तेव्हाही सोंगाड्याची हीच जुनी सनद वापरली जात होती. परंपरेतील विनोदाचे दोन आधार यातून स्पष्ट होतात. विनोद समजणारा समूह हा पहिला, आणि ज्याला विनोद लागतो तो धनी उपस्थित असणे हा दुसरा. पहिल्या आधाराची चर्चा भाषांतराच्या निमित्ताने नेहमी होते. परदेशप्रवासात खरी कसोटी लागते ती दुसऱ्याची.

३

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ला निव्वळ विनोदी नाटक म्हणता येणार नाही. त्यातील हास्य भयानकाकडे झुकणारे आहे. पण त्याची सारी बांधणी हास्यप्रधान लोकप्रकारांच्या आधाराने झालेली आहे. नमन-खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन यांचे घटक त्यात एकत्र येतात. बारा ब्राह्मणांची डुलणारी, गाणारी रांग पडदा होते, भिंत होते, रस्ता होते आणि क्षणात पाठ फिरवून मागे चाललेले झाकून टाकते. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. मोहन आगाशे नानांच्या आणि रमेश टिळेकर घाशीरामाच्या भूमिकेत होते. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या प्रारंभी प्रयोग पुन्हा सुरू झाले.

१९८० मध्ये पश्चिम बर्लिनमधील महोत्सवाच्या निमंत्रणावरून हे नाटक युरोपला निघाले तेव्हा झालेला विरोध प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. आक्षेप घेणाऱ्यांचा मूळ मुद्दा १९७२ पासून तोच होता. नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची नालस्ती नाटकात झाली आहे, असे त्यांचे म्हणणे. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी आधीच नमूद केलेले होते. महाराष्ट्रात प्रयोग होत राहिले. परंतु नाटक परदेशी निघताच विरोधाला नवी धार चढली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि नाना हे थोर मुत्सद्दी होते व नाटक हा इतिहास नव्हे अशा आशयाचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याचे मान्य झाल्यावर मंडळी गेली.

येथे विनोदाच्या शिवेचा प्रश्न उघड्यावर येतो. संहिता बदललेली नव्हती, नट तेच होते, हालचाली त्याच होत्या. बदलणार होता तो केवळ प्रेक्षक. तरीही, किंबहुना म्हणूनच, नाटक अधिक अपमानकारक ठरले. आपण आपल्याला हसणे ही घरातली गोष्ट. परक्यासमोर आपण आपल्याला हसणे ही अब्रूची गोष्ट, अशी ही विभागणी आहे. तिच्यामागील गृहीतक असे की हास्याचा अर्थ प्रयोगात नसून पाहणाऱ्याच्या स्थानात असतो. आस्वादकाच्या भूमिकेला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या समीक्षेने जे सैद्धांतिक परिभाषेत मांडले तेच आक्षेपकांनी व्यवहारात, आणि उलट्या हेतूने, मांडले होते.

पण या गृहीतकाचा उत्तरार्ध त्यांच्या ध्यानात आला नसावा. बावनखणी म्हणजे काय, पेशवाईतील दक्षिणा म्हणजे काय, कीर्तनाच्या चालीत लावणीचा ठेका शिरल्याने कोणते पावित्र्य भंगते, हे ज्याला ठाऊक नाही त्या प्रेक्षकाला नानांची थट्टा ही नानांची थट्टा म्हणून कळूच शकत नाही. त्याच्यापुरता नाना म्हणजे कोणताही सत्ताधीश, आणि ब्राह्मणांची रांग म्हणजे कोणताही सोयीने तोंड फिरवणारा समाज. बर्लिनच्या प्रेक्षकासमोर विनोदातील स्थानिक बोच गळून पडते आणि उरतो तो आकार : रांगेची लय, पाठ फिरवण्याची क्रिया, पावित्र्याच्या सुरात मिसळलेला चाळांचा आवाज. भरताच्या परिभाषेत असत्प्रलाप घरी राहतो आणि विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य हे पुढे जातात. ज्यांना नानांची अब्रू जाईल अशी भीती होती त्यांच्या दृष्टीने परदेशातील प्रयोग हा वस्तुतः सर्वांत निरुपद्रवी प्रयोग होता. बोच लागण्यासाठी लागणारा समूह पुण्यातच होता.

लाभ आणि हानी येथे एकाच व्यवहारात होतात. घाशीराम सामाजिक परिस्थितीतून जन्मतात हा नाटकाचा व्यापक आशय परक्या प्रेक्षकासमोर अधिक स्वच्छ होतो, कारण पुण्याच्या इतिहासाचा वाद त्याच्या आड येत नाही. पण ज्या समाजाने स्वतःकडे पाहावे म्हणून रांग प्रेक्षकांकडे पाठ फिरवते, तो समाज सभागृहात नसल्याने ती पाठ केवळ देखणी रचना होऊन बसते. युरोपीय रंगभूमीवर ज्या भारतीय प्रयोगांना दाद मिळाली त्यांच्या रूपसौंदर्याची चर्चा अधिक होते आणि उपहासाची कमी, याचे कारण केवळ पाश्चात्त्यांच्या पौर्वात्यविषयक कुतूहलात शोधणे पुरेसे नाही. विनोदाच्या स्वभावातच ते आहे.

४

दुसरी वाट आपल्याच भाषेच्या, पण देशांतर केलेल्या समूहाकडे जाते. या समूहाच्या संस्थांचा इतिहास आणि मराठी विनोदमीमांसेचा इतिहास एका व्यक्तीपाशी येऊन मिळतात, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ मध्ये नरसिंह चिंतामण केळकर यांनी केली. 'सुभाषित आणि विनोद' (१९०८) आणि 'हास्यविनोदमीमांसा' (१९३७) हे ग्रंथ लिहून मराठीत विनोदाच्या तात्त्विक चर्चेचा पाया घालणारेही तेच. १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, परंतु आपण आपण आहोत हे भान सुटू देत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंद आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. परदेशस्थ मराठी प्रेक्षकाची अवस्था वर्णन करण्यास याहून नेमकी संज्ञा सापडणे कठीण. तो लंडनच्या सभागृहात बसलेला असतो आणि त्याच वेळी गावच्या पटांगणातही बसलेला असतो. फरक इतकाच की केळकरांच्या वाचकाला परकाया धारण करायची असते, तर या प्रेक्षकाला स्वतःचीच सोडलेली काया.

गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आले. कोकणातील एका गावात हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि त्यांचा उडालेला गोंधळ हेच नाटक होते. म्हणजे विनोदी नाट्यमंडळी हाच या विनोदी नाटकाचा विषय आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी साकारलेला तात्या सरपंच आणि मालवणी बोली ही त्याची बलस्थाने. पु. ल. देशपांडे यांच्या जाहीर पसंतीनंतर या नाटकाचे दैव पालटले हा इतिहास सर्वपरिचित आहे. पुढे ते लंडनपर्यंत जाऊन आले.

त्याच्या विनोदाचे मर्म दोन भाषास्तरांच्या टकरीत आहे. पौराणिक भूमिकेची जडजंबाल ग्रांथिक मराठी बोलता बोलता नट मालवणीवर घसरतो, आणि भीम किंवा दुःशासन एका शब्दात गावचा कोणीतरी होऊन जातो. बर्गसाँच्या वर्गवारीत हा भाषेने निर्माण केलेला विनोद आहे. भाषांतरात तो शिल्लक राहू शकत नाही. मग तो लंडनला पोचला कसा? याचे उत्तर असे की त्याचा परगणा त्याच्या आधीच स्थलांतरित झालेला होता. 'वस्त्रहरण'चा पहिला मोठा प्रेक्षक मालवणात नव्हे तर मुंबईत होता. गिरण्यांत, कार्यालयांत नोकरीला आलेला चाकरमानी हा स्वतःच देशांतरित होता. गावच्या दशावतारी रात्री त्याच्या आठवणीत होत्या आणि गावी परतणे गणपती-शिमग्यापुरते उरले होते. गावातल्या सरपंचाची फजिती पाहताना तो सरपंच त्याच्यावर सत्ता गाजवीत नव्हता. मुंबईतच विनोदाचा धनी अनुपस्थित झाला होता. लंडनचा प्रवास हे त्याच वाटेवरचे पुढचे ठाणे होते.

मालवणीला असा संघटित चाकरमानी वर्ग आणि त्याच्या जोरावर व्यावसायिक रंगभूमी लाभली. उत्तर कोकणातील वाडवळी किंवा मांगेलीला तशी लाभली नाही. एखाद्या बोलीतला विनोद दूर जातो तो त्या बोलीच्या गुणवत्तेमुळे नव्हे, तर ती बोलणाऱ्यांचा समूह तिच्या आधी तेथे वसलेला असतो म्हणून. चिंचणीच्या खाडीवरचे हसू लंडनला पोचले नाही, याचे कारण त्या हसण्यात शोधू नये. स्थलांतराच्या आणि संघटनाच्या इतिहासात शोधावे.

लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ने हाच प्रश्न उलट्या बाजूने हाताळला. १९७९ पासून केलेल्या या एकपात्री प्रयोगात मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते. बावन्न व्यक्तिरेखा एकच नट उभ्या करतो. मंडळी परदेशी निघाली आहे आणि मंडळी म्हणजे एक देह आहे, ही रचना आर्थिक सोयीपलीकडे जाऊन अर्थगर्भ ठरते. देशपांडे स्वतः परदेशात प्रयोग करीत तेव्हा प्रेक्षकासमोर एक विलक्षण आरसा उभा राहत असे. विमानात बावरलेला खेडूत हा त्या प्रेक्षकाचा पूर्वज होता, कित्येकदा तो स्वतःच काही वर्षांपूर्वीचा होता. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसवणे, असा त्याचा मूळ अर्थ. त्या जोडीला येथे तिसरी शक्यता सुचते : जो आपण होतो आणि आता नाही, त्याला हसणे. या हसण्यात उपहास असतो, पण तो कोणाला लागत नाही, कारण लागावा असा मनुष्य आता उरलेला नाही. म्हणूनच ते हसू सहज डोळ्यांतल्या पाण्याकडे वळते.

उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या अधिवेशनांतून महाराष्ट्रातील नाट्यसंचांना नियमित व्यासपीठ मिळू लागले. निमंत्रण देणारा समूह, प्रवासखर्चाचे गणित, सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब येणारा प्रेक्षक या तिन्ही गोष्टींचा परिणाम नाटकांच्या निवडीवर होणे अटळ होते. थोडी पात्रे, थोडे नेपथ्य आणि कोणालाही न दुखावणारा विषय असलेले नाटक प्रवासाला सोयीचे ठरते. यातील शेवटचा निकष हा वरवर शिष्टाचाराचा, परंतु प्रत्यक्षात वाङ्मयीन परिणाम घडवणारा आहे.

५

या वाटचालीचा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोचलेला टप्पा रंगभूमीवरचा नसून दूरचित्रवाणीवरचा आहे. झी मराठीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमाने २०१८ मध्ये 'विश्वदौरा' केला. नीलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही मंडळी दुबई, लंडन, पॅरिस अशा ठिकाणी जाऊन तेथील मराठी प्रेक्षकांसमोर प्रहसने करीत गेली. समीक्षेने अशा कार्यक्रमांकडे लोकप्रिय म्हणून दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. बोर्डावरचा सोंगाड्या, पुरुषाने घेतलेले बाईचे सोंग, बतावणीतील हजरजबाबीपणा या सर्वांचा अवशेष आणि विस्तार येथे सापडतो.

या कार्यक्रमातील प्रहसने ज्या काल्पनिक गावात घडतात त्याचे नाव 'थुकरटवाडी'. बर्गसाँच्या किश्शातील परगण्याला मराठी प्रतिशब्द शोधायचा तर तो हाच. मात्र थुकरटवाडीचे वैशिष्ट्य असे की ती कोणत्याही तालुक्यात नाही. तिच्यात गणेशपुऱ्यांची वऱ्हाडी नांदते, पश्चिम महाराष्ट्राचा हेल नांदतो, मुंबईची चाळही नांदते. बोहाड्यातील सोंगामागे ठरलेले घराणे असते, तात्या सरपंचामागे मालवणी मुलूख असतो. थुकरटवाडीमागे मात्र 'गाव' ही केवळ कल्पना असते. परगणा असा हलका झाल्यामुळेच तो सामानाबरोबर विमानात चढवता येतो. दुबईत उतरलेली थुकरटवाडी ही मराठवाड्याच्या माणसालाही आपली वाटते आणि कोकणच्या माणसालाही, कारण ती दोघांचीही पूर्णपणे नाही.

कार्यक्रमातील पत्रवाचनाचा भागही याच अंगाने लक्षणीय आहे. सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात येऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचत, आणि तासभर हसलेले प्रेक्षक डोळे पुसू लागत. विनोदी प्रयोगात करुणाचा हा शिरकाव काहींना रसभंग वाटेल. परंतु प्रवासी विनोदाच्या इतिहासात तो तर्कसंगत आहे. आठवणीसाठी हसवणाऱ्या विनोदाच्या पोटात जो वियोग दडलेला असतो, तोच पत्राच्या रूपाने वर येतो. गावाहून येणारे पत्र हे देशांतरिताच्या जीवनातील मूळ चिन्ह आहे, आणि फोनच्या काळात पोस्टमन हा स्वतःच आठवणीतला प्राणी झाला आहे.

कॅमेऱ्यामुळे येथे आणखी एक गोष्ट घडते. परदेशातील सभागृहातला प्रेक्षक हा प्रयोगाचा अंतिम ग्राहक नसतो. तो हसताना चित्रित होतो आणि त्याचे हसणे महाराष्ट्रातल्या घराघरांत पाहिले जाते. मंडळी परदेशी जाते ती घरच्यांना दाखवण्यासाठी. १९८० आणि २०१८ या दोन प्रवासांत येथे अनपेक्षित साम्य दिसते. दोन्ही वेळा घरचा समाज परदेशातील प्रेक्षागृहाकडे डोळे लावून बसलेला आहे. पहिल्या वेळी त्याला भीती होती की परके आपल्याला हसतील. दुसऱ्या वेळी त्याला अभिमान आहे की आपली माणसे तिकडेही आपल्यासारखीच हसतात. भीती आणि अभिमान या दोन्ही भावना अब्रूच्याच आहेत. विनोद कशाविषयी होता, कोणावर होता, हा प्रश्न दोन्ही वेळा मागे पडतो.

६

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष केवळ ऱ्हासाचा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. परक्या भाषेतील प्रेक्षकासमोर जाताना मराठी विनोदाने आपली बोच गमावली, पण त्याच्या रूपाची शक्ती तेथे सिद्ध झाली. आपल्याच देशांतरितांसमोर जाताना त्याने शब्द राखले, पण त्या शब्दांचे काम बदलले; टीकेच्या जागी स्मरण आले. स्मरणाचे हसू हे हलके हसू नव्हे. दूरदेशी वाढणाऱ्या मुलाला आजोबांच्या बोलीतला एक शब्द हसताना कळतो, तेव्हा त्या भाषेचे आयुष्य थोडे वाढते. हे कार्य कोणत्याही व्याकरणाने साधणार नाही.

तथापि साहित्यविचाराने एक भेद विसरता कामा नये. सोंगाड्याची सनद ही हसवण्याची सनद नव्हती, समोरच्या धन्याला सुनावण्याची सनद होती. हसवणे ही तिची किंमत होती. धनी अनुपस्थित असताना तीच वाक्ये, तेच हावभाव, तीच सोंगे वापरली तरी सनद वापरली जात नाही. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या विचारात कृतीचे मूल्य तिच्या भूमीशी असलेल्या नात्यातून ठरते. विनोदाच्या बाबतीत या भूमीचा अर्थ अधिक काटेकोर करावा लागेल. भूमी म्हणजे नुसती बोली आणि वेष नव्हे. भूमी म्हणजे सत्तासंबंध. 'घाशीराम'ची भूमी पुणे होते ते तेथील पेठांमुळे नव्हे, तर तेथे कोणाला तरी ते लागत होते म्हणून.

हा निकष लावला तर परदेशातील मराठी विनोदाला एक तिसरी वाट मोकळी दिसते, आणि ती महाराष्ट्रातून गेलेल्या संचांची नसून तिकडे वसलेल्या समूहाची आहे. त्या समूहातही आता पाटील आहेत : मंडळांचे पदाधिकारी, नोकऱ्यांतील दर्जे, परवान्यांचे वर्ग, जातींचे न बोललेले हिशेब, दोन पिढ्यांमधली भाषेची भिंत. या धन्यांच्या तोंडावर हसणारा सोंगाड्या जेव्हा तेथील एखाद्या हौशी एकांकिकेत उभा राहील, तेव्हा थुकरटवाडी विमानातून नेण्याची गरज उरणार नाही. त्याचे हसू कदाचित पुण्या-मुंबईत कळणार नाही. त्याला टिपा द्याव्या लागतील. मांगेलीतल्या शब्दाला खाडीपलीकडे द्याव्या लागतात तशाच. विनोदाला नवी शीव मिळाली याची ती सर्वांत भरवशाची खूण असेल.